बेगमी

आपल्या हॉस्टेलवर 'बेगमी' हा शब्द कोणी वापरत नाही. आपण 'स्टॉक' म्हणतो. सुट्टीवरून आलेल्या मुलीची बॅग दारातच उघडली जाते आणि "कशी आहेस?"च्या आधी "स्टॉक काय आणलास?" हे विचारलं जातं. चिवडा पहिल्या रात्री संपतो, लाडू दुसऱ्या रात्री, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मेसची ती सुप्रसिद्ध डाळ! असो.

आमच्या घरी, म्हणजे ठाण्याला नौपाड्यात, 'स्टॉक' हा शब्द फक्त बाबांच्या शेअर बाजाराचा. आजीचा शब्द 'बेगमी'. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी. ऐकताना डोळ्यांसमोर एखादी बेगम उभी राहते खरी, पण तिचा इथे काही संबंध नाही. हा शब्द फारसीतून आला. 'गम' म्हणजे दुःख, चिंता. 'बे-गम' म्हणजे जिला चिंता नाही ती अवस्था. म्हणजे बघा, आपण ज्याला साठा समजतो तो मुळात साठा नाहीच, ती निश्चिंती आहे. डबे, बरण्या, पोती ही नुसती त्याची साधनं. हा फरक मला यंदाच्या मे महिन्यात नीट कळला, आणि तो कळायला आमची अख्खी बिल्डिंग पाडायची वेळ यावी लागली. पण ते नंतर.

आधी हे सांगते की ही बेगमी लागायचीच कशाला. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मृग लागला की ऊन संपलं. भाज्या महाग, आणि ज्या मिळतात त्या चिखलाने भरलेल्या. आज आपल्याला दहा मिनिटांत घरपोच कोथिंबीर मिळते, पण आजी लग्न होऊन इथे आली तेव्हा पावसाळ्यात भाजी काय करायची हा रोजचा गहन प्रश्न होता. त्याचं उत्तर एप्रिल-मेमध्ये तयार करून ठेवावं लागे. हे काही फक्त नौपाड्यातल्या वरण-भातवाल्यांचं नाही बरं का. स्टेशनपलीकडे चेंदणी कोळीवाडा आहे. पावसाळ्यात होड्या बंद होणार म्हणून तिथे उन्हाळ्यातच बोंबील, जवळा, सुकट वाळायला पडायची. घाटावरच्या आजीच्या सांडग्यांचं आणि कोळणीच्या सुकटीचं गणित एकच.

आमच्या घरचं वेळापत्रक ठरलेलं असे. जानेवारीत मटार. होळीनंतर साबुदाण्याच्या चिकवड्या आणि बटाट्याचा कीस. मग गव्हाचा चीक काढून कुरडया, पोह्यांचे आणि उडदाचे पापड, सांडगी मिरची, कोहळ्याचे सांडगे. एप्रिलअखेर वर्षाचे तांदूळ, डाळी, मसाले. मे महिन्यात कैरीचं लोणचं, साखरांबा, मोरांबा, गावाकडून आलेल्या आंब्यांची आंबापोळी, फणसपोळी. सगळ्यात शेवटी आमसुलं. हे सगळं वाळायचं ते गच्चीवर. तीन मजली, लिफ्ट नसलेली, बारा बिऱ्हाडांची आमची बिल्डिंग, आणि तिच्या गच्चीवर मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसे. जुनी पातळं, त्यांच्या कडांवर विटा, आणि मधोमध चांदण्यांसारख्या पसरलेल्या चिकवड्या. हे दृश्य तुमच्यापैकी निम्म्या जणांनी तरी पाहिलं असेल.

गच्चीला कमी लेखू नका. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. तेव्हा गच्ची म्हणजे एक कारखानाच, फक्त सूर्यावर चालणारा.

तर या कारखान्यात मला लहानपणी एकच नोकरी मिळाली होती. राखण. कावळे, चिमण्या आणि पहिल्या मजल्यावरची मांजर यांच्यापासून पापडांचं रक्षण करायचं. एक काळी छत्री, एक काठी, पाण्याची बाटली. अकरा ते चार. मोबाइल नव्हता, असता तरी उन्हात दिसला नसता. म्हणून आजी हातात पुस्तक द्यायची. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथे मराठी हा आठवड्यातून काही तासांचा विषय, आणि मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दंड! त्यामुळे माझं मराठी वाचन बैलगाडीच्या वेगाने चालायचं. पण पापड वाळायलाही वेळ लागतोच की. दोन्ही एकाच गतीने व्हायचं. पान संपायचं, पापड उलटायचे. पुन्हा पान.

दुसरी नोकरी जानेवारीत मिळाली. दहा किलो मटार घरी यायचा. दहा किलो शेंगा सोलायला बसलं की माणसाला जगण्याचा अर्थ वगैरे आठवू लागतो, आणि सोलून झाल्यावर दाणे निम्मेसुद्धा भरत नाहीत. आजीचा नियम होता, की जो मोठ्याने वाचून दाखवेल त्याला सोलण्याची माफी. मी तो नियम ऐकला आणि त्या दिवसापासून आमच्या घराची अधिकृत वाचक झाले. माझं मराठी सुधारलं ते असं, मटार चुकवण्यासाठी.

त्या मटारांबरोबर मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली. १९३४ ते १९३६ या काळात हे पुस्तक चार भागांत आलं. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेलं, आणि म्हणूनच की काय, कॉन्व्हेंटमधल्या मुलीला पहिल्या पानापासून कळलेलं. त्यात अवघड शब्द नाहीत, घरात बोलतात तसं मराठी आहे. कितीतरी ठिकाणी आजी, आई आणि समोरच्या काकू एवढ्या हसायच्या की मटार जमिनीवर सांडायचे. काही ठिकाणी सगळ्या गप्प व्हायच्या आणि फक्त शेंगा फुटल्याचा आवाज यायचा. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) गच्चीवरचं. एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख. त्या पुस्तकामुळे मला चैत्र-वैशाख पाठ झाले. आणि तिसरं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. ते १९७० साली आलं. त्याआधीही मराठीत पाकपुस्तकं होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' तर १९१० सालचं. पण 'रुचिरा'ने माप वाटी-चमच्यात आणलं आणि नवीन संसार मांडलेल्या मुलींचा जीव भांड्यात पडला. लाखाच्या वर प्रती खपल्या. आमच्या घरची प्रत हळदीच्या बोटांनी इतकी पिवळी झाली आहे की कोणतं पान जास्त वापरलं हे रंगावरून ओळखता येतं.

पुस्तकांचीही बेगमी असते हे मला आजीकडे बघून कळलं. दिवाळीत चार-पाच दिवाळी अंक यायचे. ही परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली सुरू केली. आजी ते अंक एका दमात वाचत नसे. होळीपर्यंत पुरवून वाचायची, अगदी आमसुलं पुरवावीत तसे. रोजची वाचनाची भूक भागवायला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय होतं. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली ते सुरू झालं, मराठी पुस्तकं जपायची म्हणून. म्हणजे ही गावाची बेगमी! घरच्या कपाटात मात्र तीच पुस्तकं यायची जी पुन्हा वाचावीशी वाटतील. ग्रंथालयाचं पुस्तक म्हणजे बाजारातली ताजी भाजी, घरचं पुस्तक म्हणजे लोणचं. हे आजीचं वाक्य आहे, माझं नाही.

आता आपण इंजिनिअर (होऊ घातलेले) आहोत, तेव्हा लोणचं का टिकतं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिवाणूंना आणि बुरशीला जगायला पाणी लागतं. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती त्यांच्या हाती लागतं, हे महत्त्वाचं. याचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची १. ती ०.६च्या खाली गेली की कोणताच सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. पापडातलं पाणी ऊन काढून घेतं. लोणच्यात किलोभर फोडींना साधारण दोनशे ग्रॅम मीठ असतं, ते पाणी बांधून ठेवतं, कैरीची आंबटाई मदत करते आणि वरचं तेल हवेला आत येऊ देत नाही. मोरांब्यात मिठाचं काम साखर करते. आजीला यातलं एक अक्षर माहीत नाही. तिचा नियम एवढाच, की बरणीत ओला चमचा घालायचा नाही. माझ्या एका सेमिस्टरचा सारांश या एका नियमात आहे.

विज्ञानाच्या आधी रीत सापडते याचं एक उदाहरण फ्रान्सचंही आहे. निकोला आपेर नावाचा मिठाई करणारा माणूस होता. काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, घट्ट बूच लावून, उकळत्या पाण्यात ठेवलं की ते टिकतं हे त्याने दाखवलं आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. ते का टिकतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ते पाश्चरने सांगितलं, अर्धशतकानंतर. त्याच १८१० साली इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं, पण डबा उघडायचं यंत्र यायला आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. तोपर्यंत लोक छिन्नी-हातोड्याने डबे फोडत. (डिझाईन करताना युजरचा विचार करा, असं सर सांगतात ते उगीच नाही.)

आपेरची रीत आमच्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती. फ्रीझर नव्हते तेव्हा आजी आमरस बाटल्यांत भरायची. बाटल्या बिअरच्या, कारण पत्र्याचं बूच बसायला त्यांचंच तोंड योग्य. घरात कोणी पिणारं नाही, मग बाटल्या आल्या कुठून, असा प्रश्न आजोबांना शेजारी मुद्दाम विचारत. मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून त्या बाटल्या उकळायच्या. हे जमतं, कारण हापूसच्या रसाचा पीएच साधारण ४ असतो. ४.६च्या खालच्या आंबट पदार्थात बोट्युलिझमचा विषारी जिवाणू वाढत नाही. मटाराचं तसं नाही. मटार आंबट नाही, हवाबंद बाटलीत त्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, त्यांना दाबाखाली १२१ अंश लागतात. म्हणून घरी मटार बाटलीत भरायचा नाही म्हणजे नाही. त्याची जागा फ्रीझरमध्ये. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, म्हणजे रंग आणि चव बिघडवणारी एन्झाइम्स बंद पडतात. मग फडक्यावर कोरडे करून पातळ, चपट्या पिशव्यांत भरायचे. पातळ पिशवी लवकर गोठते, लवकर गोठलं की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि दाणा लिबलिबीत होत नाही. उणे १८ अंशांवर मटार दिवाळीपर्यंत सुखाने झोपतो.

पुस्तकांची निगाही तशीच. तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला जातो, तोच पुस्तकांच्या कपाटात. शिवाय वेखंडाची कांडी. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुस्तकंही गच्चीवर, पानं फडफडवत. फक्त एक गंमत आहे. लोणच्याला जे आम्ल तारतं तेच पुस्तकाला मारतं. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल उरतं, आणि ते पन्नास वर्षांत पान इतकं ठिसूळ करतं की कोपरा दुमडला की तुटून हातात येतो. म्हणून जुनी पुस्तकं नुसती ठेवून टिकत नाहीत. ती वाचून घ्यावी लागतात, आणि आवडली तर नवी आवृत्ती आणावी लागते.

२०२० सालच्या मार्च महिन्यात या सगळ्याची परीक्षा झाली. २५ मार्चला लॉकडाऊन लागला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. खाली दुकानाबाहेर खडूचे गोल आखलेले, ग्रंथालय बंद, बाजार बंद. टीव्हीवर आकडे. आमच्या घरात आदल्या वर्षीचे सांडगे होते, कडवे वाल होते, आमसुलं होती, फ्रीझरमध्ये मटार होता. आणि कपाट होतं. आजी कपाटाकडे बघून म्हणाली, "चला, हे वर्ष जुन्यावर काढू." संध्याकाळी सहाला मी मोठ्याने वाचायचे, आणि दाराच्या जाळीतून समोरच्या काकू ऐकायच्या. मे महिन्यात बारा बिऱ्हाडांनी पाळ्या लावून, तोंडाला फडकी बांधून गच्चीवर वाळवणं घातली. भीती सगळ्यांनाच होती. पण दिवसातले काही तास ती नसायची. फारसीतला तो 'बे' त्या तासांत होता.

आता मूळ विषयावर येते. आमची बिल्डिंग पाडून तिथे टॉवर होणार, हे दोन वर्षं चाललं होतं. नौपाड्यात आज कुठल्याही गल्लीत उभं राहिलं तर एक तरी हिरवी जाळी दिसते, तेव्हा यात नवीन काही नाही. यंदा मेअखेर घर रिकामं करायचं ठरलं. भाड्याचं घर घोडबंदर रोडच्या बाजूला, अकराव्या मजल्यावर. दोन खोल्या. फ्रीज छोटा. गच्चीला कुलूप, कारण वर सोलर पॅनेल आहेत आणि सोसायटीचा नियम आहे.

आजीने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी केली. बरण्या ९, डबे १४, सोऱ्या १, मोठी पातेली ३, पुस्तकं ३१२. बाबा म्हणाले, "आई, पुस्तकं आणि बरण्या सगळं खोक्यांत घालून गोडाऊनमध्ये ठेवू. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. नवीन घरात आणू परत."

आजी म्हणाली, "गोडाऊनमध्ये कोण वाचणार?"

"ठेवायची फक्त. तीन वर्षं."

"तुझी तीन वर्षं. माझ्या हिशेबाने तीन लोणची." आजी ७९ वर्षांची आहे. त्यावर कोणी काही बोललं नाही. आईने उगीच ओटा पुसायला घेतला.

मग आजीने तिचा नियम सांगितला. आजवर तो आम्ही लोणच्यापुरता ऐकला होता. पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत संपेल तेवढंच घालायचं. नवीन बरणी भरायच्या आधी जुनी रिकामी झाली पाहिजे. आपल्याला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये 'फिफो' शिकवतात, जे आधी आलं ते आधी जाणार, आणि पडून राहिलेल्या मालाला 'डेड स्टॉक' म्हणतात. आजी म्हणाली, "पुढच्या वर्षात आपण जे उघडू, तेवढंच न्यायचं. बरणी असो की पुस्तक. बाकी जो उघडेल त्याला देऊ."

बाबांना हे पटलं नाही. बाबांचं म्हणणं, पुस्तक काही नासत नाही, शंभर वर्षांनी कोणीतरी वाचेल. मला वाटतं ग्रंथालयासाठी बाबा बरोबर आहेत. ग्रंथालयाने ठेवलंच पाहिजे, न मागितलेलंही. पण घर हे ग्रंथालय नाही. घराला वाचणारी माणसं मोजकी असतात आणि त्यांची वर्षंही. त्या रात्री बाबा आणि आजी यांचं जरा जोरातच झालं. दुसऱ्या दिवशी बाबांनीच कपाटाचा पहिला खण रिकामा केला.

पाच संध्याकाळी आम्ही एकेक पुस्तक हातात घेत होतो. आजी विचारायची, "उघडशील?" हो किंवा नाही. 'बघू' हे उत्तर चालत नव्हतं. मला सगळ्यांत नवल वाटलं ते आजीचं. ज्या पुस्तकांवर तिने वेष्टनं घातली, नावं घातली, ती ती सहज 'नाही' म्हणून बाजूला ठेवत होती. एकदाच थांबली. आजोबांचा ज्ञानेश्वरीचा जाड ग्रंथ होता. तो तिने मांडीवर ठेवला, मग उघडला, एक पान वाचलं आणि म्हणाली, "उघडला. म्हणजे येणार."

शेवटच्या रविवारी गच्चीवर बाराही बिऱ्हाडांनी आपापलं उरलेलं मांडलं. जिथे दरवर्षी कुरडया वाळायच्या तिथे जुन्या पातळांवर पुस्तकं, बरण्या, सोरे, परडे. ज्याला हवं ते त्याने न्यावं. तळमजल्यावरच्या काकांनी आमच्याकडचे ऐतिहासिक कादंबऱ्यांचे दोन गठ्ठे नेले आणि बदल्यात आमसुलांची पिशवी दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या दादाने, जो चार वर्षं बिल्डिंगमध्ये कोणाशी बोलला नव्हता, मोठी दहा किलोची बरणी मागितली. "काय घालणार रे यात?" आजीने विचारलं. "लोणचं, आजी. तुम्ही सांगाल तसं." आजीने त्याला तिथेच बसवून पाऊण तास प्रमाण लिहून दिलं. वाटी-चमच्यात! चार घरांनी आमची पुस्तकं नेली, जी उरली ती बाबांनी एका शाळेच्या वाचनालयाला विचारून, त्यांना हवी तेवढीच पोचवली. बाकी थोडी रद्दीत गेली. त्याबद्दल आजी काही बोलली नाही. आम्हीही नाही.

नवीन घरी ८८ पुस्तकं आणि तीन बरण्या गेल्या. 'रुचिरा' आईकडे. 'ऋतुचक्र' आजीकडे, कारण अकराव्या मजल्यावरून झाडं दिसत नाहीत, तर महिने कसे कळायचे? 'स्मृतिचित्रे' माझ्याकडे.

आणि लोणचं? यंदा घालायचं नाही असं ठरलं होतं. सामानाच्या धावपळीत कोणाला वेळ नव्हता. पण मेच्या तिसऱ्या आठवड्यात आजी मला घेऊन जांभळी नाक्याच्या बाजारात गेली. दरवर्षी दहा किलो कैऱ्या घ्यायची, यंदा एक किलो घेतली. कैऱ्या फोडून देणारा म्हणाला, "आजी, एवढीच?" आजी म्हणाली, "एवढीच संपेल." घरी खोक्यांच्या गराड्यात, जमिनीवर बसून तिने ते लोणचं घातलं. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट. मीठ मात्र तिने माझ्याकडून घालून घेतलं, हाताने, मोजून नाही. "कळेल हळूहळू," म्हणाली. नेहमीची चिनी मातीची बरणी तोवर बांधली गेली होती, म्हणून जॅमच्या दोन काचेच्या बाटल्या उकळून, वाळवून घेतल्या. तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. एक बाटली नवीन घरी गेली, एक माझ्या बॅगेत आली.

मला भीती वाटत होती की नवीन घरात आजी उदास होईल. ती थोडी आहेच. खिडकीतून खाली बघत बसते आणि "इथे कावळेसुद्धा येत नाहीत" म्हणते. पण फोनवर तिने सांगितलं की बाल्कनीत एका ताटात थोड्या चिकवड्या वाळवून बघणार आहे, ऑक्टोबरच्या उन्हात. शेजारच्या घरातली एक छोटी मुलगी तिच्याकडे रोज येते, तीही इंग्रजी माध्यमातली. तिला राखणीला बसवणार आहे म्हणे. हातात काय देणार हे मी विचारलं नाही.

आपल्या हॉस्टेलवर आज प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये शेकडो पुस्तकांच्या पीडीएफ आहेत आणि प्रत्येक परीक्षेआधी नोट्सचे आणखी ढीग जमतात. ठेवणं इतकं सोपं झालं आहे की ठेवताना काही विचारावं लागत नाही. मला त्यात वाईट काही वाटत नाही. फ्रीझर आला म्हणून आजीनेही बाटल्यांतला आमरस सोडलाच की. फक्त आजीचा प्रश्न मी सोबत आणला आहे. 'उघडशील?' उत्तर 'हो' असेल तर ती बेगमी. 'बघू' असेल तर तो साठा, आणि त्याची चिंता उलट आपल्यालाच.

तर मंडळी, माझ्या खोलीत सध्या १४ पुस्तकं आणि लोणच्याची एक बाटली आहे. दोन्ही अक्षय्य तृतीयेपर्यंत संपवायची आहेत आणि हे एकटीने होण्यासारखं काम नाही. ज्यांना पुस्तक हवं त्यांनी टेबलावरच्या वहीत नाव लिहून न्यावं. रविवारी जेवणानंतर 'स्मृतिचित्रे' मोठ्याने वाचायचा विचार आहे, तेव्हा ऐकायलाही या. लोणचं मुरलंय. येताना चमचा आणा, पण कोरडा.